दोन लाखांचा निधी आणि बायकांचे धंदे: कर्ज द्यावं की मदत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातल्या एका मराठी महिला मंडळाला, सभासद साठेक, एका दिवंगत सभासदबाईंच्या घरच्यांनी दोन लाख रुपये दिले आहेत. बायकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा. मंडळात दोन तट पडलेत. काहींना बिनव्याजी कर्ज द्यायचं आहे, काहींना शिलाई मशिनं वाटायची आहेत. पैसे परत आले नाहीत तर वर्षानुवर्षांचे संबंध तुटतील, ही धास्ती दोन्ही तटांना आहे.

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. मशिनं वाटू नका. सगळे पैसे कर्जातही घालू नका. मोठा हिस्सा बचत गटांना बीजभांडवल म्हणून द्या, लहान हिस्सा परत न घेण्याच्या मदतीसाठी वेगळा ठेवा, आणि या दोन पिशव्या एकमेकींत कधी मिसळू देऊ नका. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट बघायची असते. ती बघितली नाही तर कर्जही वाया जातं आणि मदतही. धंद्याचा गल्ला कोणाकडे आहे?

हे मी रोज बघते म्हणून सांगते. खंडेराव मार्केटच्या बाजूला एक बाई संध्याकाळी सेवउसळीची गाडी लावते. वाटाणा भिजत घालणं, तर्री करणं, पाव आणणं, भांडी घासणं, सगळं तिचं. गाडीवर क्यूआर कोडचा स्टँड आहे. गिऱ्हाईक मोबाईल धरतं आणि डब्यातून आवाज येतो, ‘चाळीस रुपये मिळाले.’ ते चाळीस रुपये नवऱ्याच्या खात्यात जमा होतात, कारण खातं उघडलं तेव्हा मोबाईल त्याच्याकडे होता. महिनाअखेरीला किती आले हे तिला माहीत नसतं. कर्ज मात्र तिच्या नावावर आणि गटातली सहीही तिचीच. अशा बाईला तुम्ही आणखी दहा हजार दिलेत तर गाडी मोठी होईल, काम वाढेल, आणि तिच्या हातात तेवढेच येतील जेवढे आधी येत होते. तिच्यासाठी पहिली मदत म्हणजे बँकेत तिच्याबरोबर जाऊन एकटीच्या नावाचं खातं उघडून देणं आणि क्यूआर बदलून आणणं. याला दोन लाखांतला एक रुपया लागत नाही.

यावर चांगला अभ्यासही झाला आहे. श्रीलंकेत अगदी छोट्या धंदेवाल्यांना दहा हजार किंवा वीस हजार श्रीलंकन रुपयांची मदत देऊन नफा किती वाढतो ते मोजलं गेलं. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा सरासरीने जवळजवळ वाढलाच नाही. लगेच निष्कर्ष निघाला की बायकांना धंदा जमत नाही. पुढे अर्थतज्ज्ञ रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, श्रीलंका आणि घानामधली माहिती पुन्हा तपासली आणि २०१९ मध्ये मांडलं की ज्या घरात नवऱ्याचाही धंदा असतो तिथे बाईला मिळालेलं भांडवल त्याच्या धंद्यात जातं. घरात तिचाच एक धंदा असेल तर तिचा नफा पुरुषांच्या तोडीस तोड वाढतो. म्हणजे खोट बाईच्या हिशेबात नव्हती, पैसा कुठे वळला त्यात होती. म्हणून अर्जात ‘कोणता धंदा करणार’ या रकान्याआधी ‘घरात आणखी कोणाचा धंदा आहे’ आणि ‘विक्रीचे पैसे कोणत्या खात्यात जमा होतात’ हे दोन रकाने ठेवा. नवऱ्याचा धंदा असणाऱ्या बाईला नाकारू नका. तिच्याशी अर्धा तास जास्त बोला आणि मालाचं बिल तिच्या नावाने घ्यायला सांगा. उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, तिच्याच नावाने करा, ती फुकट होते. स्वतःच्या कष्टाने मिळवलेली मालमत्ता हिंदू स्त्रीची पूर्ण मालकीची असते, हे १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे. पण मालकी दाखवायला कागद लागतो.

आता कर्जाकडे येते. व्याज घ्यावं का? माझं ठाम मत आहे, घ्यावं, थोडं घ्यावं, आणि ते गटाच्याच पेटीत राहावं. बिनव्याजी म्हटलं की लोक देणगी समजतात आणि हप्ता सगळ्या खर्चांच्या शेवटी येतो. शिवाय दरवर्षी एखादं कर्ज बुडणारच, ते भरून काढायला काहीतरी हवं. दरमहा शेकडा एक, आणि तोही फक्त उरलेल्या मुद्दलावर. हे ‘उरलेल्या मुद्दलावर’ फार महत्त्वाचं आहे. दहा हजारांचं कर्ज बारा समान हप्त्यांत फेडताना उरलेल्या मुद्दलावर शेकडा एकने वर्षभरात ६५० रुपये व्याज होतं. तेच ‘सरळ बारा टक्के’ म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण रकमेवर लावलं तर १,२०० होतात, आणि खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. कितीतरी बायकांना हा फरक कुणी कधी सांगितलेलाच नसतो.

आणि तुमची स्पर्धा बँकेशी नाही, डायरीवाल्याशी आहे. वाडी, पाणीगेट, फतेपुऱ्याकडे हा धंदा जोरात चालतो. हातात नऊ हजार द्यायचे, डायरीत दहा लिहायचे, आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये न्यायचे. ऐकायला हजार रुपयांचाच फरक वाटतो. पण पैसे रोज परत जात असतात, त्यामुळे वर्षाच्या हिशेबाने हे व्याज सत्तर टक्क्यांच्या वर जातं. तरी बायका त्याच्याकडेच जातात, कारण तो दारात येतो, आज मागितले तर आज देतो, आणि कागद मागत नाही. तुमच्या गटाने पैसे द्यायला तीन आठवडे लावले तर व्याज कितीही कमी असो, ती डायरीवाल्याकडेच जाणार.

हप्ता कधी सुरू करायचा, यात सगळ्यात जास्त चुकतं. चणियाचोळी, म्हणजे गरब्याचे घागरा-चोळी, शिवणाऱ्या बाईचं वर्ष बघा. आषाढ-श्रावणात ती सुरतेहून कापड, लेस, आरसे, कवड्या आणते. भाद्रपदात रात्र-रात्र मशीन चालतं. पैसे येतात नवरात्राच्या आठ-दहा दिवस आधीपासून, आणि दुकानदाराला माल दिला असेल तर नवरात्र उलटल्यावर. तिला जुलैत कर्ज देऊन ऑगस्टपासून हप्ता मागितला, तर ती तो कर्जाच्याच पैशांतून देईल. किंवा डायरीवाल्याकडून उचलून देईल. कागदावर वसुली शंभर टक्के दिसेल आणि बाई बुडत असेल. दिवाळीच्या फराळाचंही तसंच. हाथीखान्यातून बेसन, तेल, पोहे नवरात्रातच भरावे लागतात, पैसे वसुबारसेच्या सुमाराला मोकळे होतात. उलट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना डबे देणारीला महिन्याचे पैसे आगाऊ मिळतात. ती पहिल्या महिन्यापासून हप्ता देऊ शकते, फक्त मे महिन्यात वसतिगृहं रिकामी झाली की तिची कमाई थांबते. तिचा बारा महिन्यांचा तक्ता करताना मे-जूनचे हप्ते आधीच कोरे सोडा.

कोलकात्यात यावर एक मोजून केलेला प्रयोग झाला. काही कर्जदार बायकांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांनी होता, काहींचा दोन महिन्यांनी. दोन महिने मोकळे मिळालेल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि पुढे काही वर्षांनी त्यांचा नफाही जास्त होता. पण त्यांच्यात थकबाकीही वाढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही डोळ्यांसमोर ठेवायच्या. मला वाटतं, बँकेला थकबाकी परवडत नाही म्हणून ती आठवड्याचा हप्ता लावते. तुमच्यासारख्या मंडळाला थोडी जोखीम परवडते, आणि तेच तुमचं बळ आहे. हंगामी धंद्याला हप्ता हंगामानंतर ठेवा, तोवर दरमहा फक्त व्याज घ्या. दहा हजारांवर शंभर रुपये. ते शंभर रुपये घेऊन ती बैठकीला येते आणि तिचं कसं चाललंय ते गटाला कळतं.

पैसे गटांना द्या म्हणाले त्यामागे कायद्याचंही कारण आहे. मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर घटनेत कर्ज देण्याचा उद्देश आहे की नाही ते आधी बघा. व्याजाने पैसे देणं म्हटलं की गुजरातचा २०११ चा सावकारी कायदा समोर येतो. त्याबद्दल तुमच्या सीएंशी बोलल्याशिवाय मंडळाच्या नावाने एकही कर्ज देऊ नका. बचत गटाची वाट सोपी आहे. दहा ते वीस बायका, स्वतःची बचत, आपसातच देवघेव, बाहेरच्यांकडून ठेवी नाहीत आणि गटाच्या नावाचं बचत खातं. गुजरातीत याला सखी मंडळ म्हणतात, बँकेत तसंच विचारा. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, पाचशे गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून बँकांना ही पद्धत ठाऊक आहे.

बचत आधी, बीजभांडवल नंतर. हा क्रम मोडू नका. आपल्या गावाला तर हे नव्याने शिकवायलाच नको. देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला १९०४ मध्ये, त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८८९ मध्ये, याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी आपली मराठी मंडळी जमवून अन्योन्य सहायकारी मंडळी काढली होती. सभासदांनी थोडं थोडं साठवायचं आणि अडलेल्याला त्यातून द्यायचं. अहमदाबादेत १९७४ मध्ये सेवा बँक उभी राहिली तीही चार हजार कष्टकरी बायकांच्या दहा-दहा रुपयांच्या भागांवर. ज्या पेटीत स्वतःचे पैसे आहेत त्या पेटीतून कोणाला किती द्यायचे, हे बायका फार बारकाईने ठरवतात. बाहेरून आलेल्या पैशाबाबत तेवढी चौकशी कुणी करत नाही.

तुमच्या रकमेवर मी मांडते. बारा-बारा बायकांचे तीन गट. प्रत्येकीची महिन्याला ३०० रुपये बचत, म्हणजे एका गटाची ३,६००, सहा महिन्यांत २१,६००. या सहा महिन्यांत त्यांनी आपल्याच पैशांतून दोन-दोन, तीन-तीन हजारांची कर्जं आपसात फिरवावीत. बैठका नियमित झाल्या, वही नीट राहिली, तर सहा महिन्यांनी मंडळाने बचतीच्या दुप्पट, ४३,२०० रुपये, गटाला द्यावेत. गटाकडे ६४,८०० झाले. तीन गटांचे मिळून मंडळाचे १,२९,६०० जातात. उरलेले सत्तर हजार मदतीच्या पिशवीत. ३०० जड जात असतील तर २०० ठेवा, पण सगळ्यांसाठी सारखे. गटात कुणी जास्त भरून मोठी व्हायला लागली की तिचाच शब्द चालतो.

भिशीची सवय असलेल्या बायका विचारतात, भिशी काय वाईट? वाईट काहीच नाही, मीही लावते. पण भिशीत पैसे पाळीने मिळतात, गरजेने नाही. तुमचं कापड श्रावणात घ्यायचं आणि चिठ्ठी निघते पौषात. गटाचं पुस्तक आणि गटाचं खातं पुढे बँकेला दाखवता येतं, भिशीचं काही दाखवता येत नाही.

मदतीची पिशवी कशासाठी? जे स्वतः पैसा कमावून परतफेड करणार नाही, पण ज्याच्यावाचून धंदा अडतो, त्यासाठी. अन्नसुरक्षेची छोटी नोंदणी, वजनकाटा तपासून शिक्का मारून घेणं, जळलेली मोटर बदलणं, फॉल-पिकोचं शिक्षण, बाळंतपणात तीन महिने धंदा बंद असताना गटाचा हप्ता थकू नये म्हणून दिलेला आधार. नवरा गेलेल्या बाईला तर पहिल्या वर्षी कर्ज देऊच नका. ती नाही म्हणणार नाही, आणि ते पैसे किराण्यात, शाळेच्या फीमध्ये जातील, जायलाच हवेत. तिचा गंगास्वरूपा साहाय्याचा, म्हणजे गुजरात सरकारच्या विधवा साहाय्याचा, अर्ज आधी भरून द्या. त्याचे महिन्याला १,२५० रुपये थेट तिच्या खात्यात येतात. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, मामलतदार कचेरीतल्या खेपा, यात तिच्याबरोबर एक जाणती बाई हवी. रिक्षाभाडं आणि झेरॉक्सचा खर्च मदतीच्या पिशवीतून द्या. दोन-तीनशे रुपयांत एवढं मोठं काम दुसरं कुठलंच होत नाही.

मशिनांना मी नको का म्हणते? शिवण येणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरी मशीन आधीच आहे. त्यांना हवी असते ऑर्डर. साधं मशीन घेऊन घरी एकेक ब्लाउज शिवून आज कुणाचं भागत नाही, पण ओव्हरलॉक आणि पिकोची सोय असेल तर दुकानाचं काम मिळतं. अशी यंत्रं गटाच्या मालकीची असावीत, एका जागी ठेवावीत आणि तासावर वापरावीत. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी १९१४ मध्ये स्त्री उद्योगालय काढलं. त्यात शिकायला, बसून काम करायला आणि केलेला माल विकायला जागा मिळाली. घराबाहेर, ओळखीच्या बायकांमध्ये, कामासाठी जायची एक मान्य जागा. मंडळाची खोली आठवड्यातले पाच दिवस बंदच असते ना? ती दुपारी बारा ते पाच उघडी ठेवा. मला विचाराल तर दोन लाखांपेक्षा ती खोली मोठी देणगी ठरेल.

आता तुमची खरी भीती, वसुलीची. गटाची बैठक कशी असावी ते सांगते, कारण वसुली तिथेच ठरते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, सगळ्या गोल बसलेल्या. लोखंडी पेटी मध्ये. किल्ली एकीच्या ताब्यात, पेटी दुसरीच्या, वही तिसरीच्या. प्रत्येकीने आपले पैसे स्वतः मोजून ठेवायचे आणि रक्कम मोठ्याने सांगायची, लिहिणारीने तीच मोठ्याने उच्चारून लिहायची. शेवटी पेटीतली रोकड मोजून वहीशी जुळवायची आणि तो आकडा सगळ्यांनी ऐकून उठायचं. दुसऱ्या दिवशी रक्कम बँकेत. जिला वाचता येत नाही तिला आपलं शिल्लक कर्ज तोंडपाठ असतं, तुम्ही विचारून बघा. यात एकही पायरी गाळू नका, विशेषतः ‘अगं, आपल्याच आहोत, उद्या मोजू’ असं म्हणून.

हप्ता चुकला तर त्याच बैठकीत विचारायचं, पुढच्या नाही. आजारपण, नवऱ्याची नोकरी गेली, माल पडून राहिला, कारण खरं असेल तर हप्ते लांबवा आणि नवा तक्ता वहीत लिहा. एका महिन्याच्या उशिराने संबंध बिघडत नाहीत. दाराशी चार बायका जाऊन उभ्या राहिल्या की बिघडतात. तसलं काही कधीच करू नका, आणि एकीचा थकलेला हप्ता बाकीच्यांनी आपल्या खिशातून भरायची सक्तीही नको. २०१० मध्ये आंध्रात सूक्ष्म कर्जाचा जो हाहाकार झाला, त्यात एकेका घरावर अनेक कंपन्यांची कर्जं आणि वसुलीचा असाच जाच होता. आता रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज देताना घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमच्यावर हा नियम बंधनकारक नसला तरी तो पाळा. मी तर तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देत नाही. त्यासाठी चालू असलेली सगळी कर्जं विचारावी लागतात, डायरीसकट. बायका ती लपवतात, कारण लाज वाटते. पहिल्या बैठकीत तुम्हीच एखादीने आपल्या घरचं कर्ज उघड सांगा, मग बाकीच्या बोलतात.

गट वर्ष-दोन वर्षं नीट चालला की पुढच्या पायऱ्या आहेत. गुजरात सरकारच्या २०२० च्या महिला उत्कर्ष योजनेत दहा बायकांच्या गटाला एक लाखापर्यंत कर्ज आणि व्याज सरकार भरतं. गाडीवर विकणाऱ्यांना केंद्राच्या स्वनिधी योजनेतलं कर्ज, एकटीच्या धंद्याला केंद्राच्याच मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज, पन्नास हजारांपर्यंत. खाण्याचे पदार्थ करणाऱ्या गटांसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रत्येक सभासदामागे ४०,००० रुपयांच्या बीजभांडवलाची तरतूद आहे. अर्ज करायच्या दिवशी त्या त्या योजनेची चालू स्थिती जिल्हा कचेरीत विचारून घ्या, आणि कुठल्याही दलालाला टक्का देऊ नका.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की मंडळाच्या सल्लागारांपैकी दोन पुरुष बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना समितीत घ्यावं का. त्यांच्याकडून दर तीन महिन्यांनी तिन्ही गटांच्या वह्या तपासून घ्या, दोन हुशार मुलींना जमाखर्च लिहायला शिकवायला सांगा, बँकेत खातं उघडताना बरोबर न्या. कर्ज कोणाला आणि किती, हे ठरतं त्या बैठकीत मात्र त्यांना बसवू नका. समोर काका बसलेले असले की बायका डायरीवाल्याचं नाव काढत नाहीत, आणि क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे हेही सांगत नाहीत.